डावीकडे मोकळं

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडीच्या डाव्या दाराला पुन्हा ओरखडा. फाटकाजवळच्या माडाने मारला. माड जागचा हलत नाही हे मलाही ठाऊक आहे, फिलूने सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलंच. लग्न झाल्यापासून बाईसाहेबांनी एक संधी वाया घालवलेली नाही.

मी म्हटलं, खोड जाड झालंय. म्हणाली, हो, दरवर्षी माड जाड होतो आणि तुम्ही शहाणे.

३१ डिसेंबरला लायसन संपतंय. नव्यासाठी डॉक्टरची सही लागणार, डोळे ठीक आहेत म्हणून. काढून टाकू एकदा. तसं बघितलं तर माझी सगळी लायसनं एक एक करून गेली. हवाई दलाचे पंख कपाटात, डांबराच्या गोळ्यांसोबत. जुहूहून समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर माणसं न्यायचो, ते हेलिकॉप्टरचं लायसन वयाने खाल्लं. मग विरारला ड्रायव्हिंग स्कूल काढलं, अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं, तेही शेवटी माझ्या हाताखालच्या विल्सनच्या गळ्यात घातलं. उरलंय हे एक प्लास्टिकचं कार्ड. ते गेलं तर मी नुसता पेन्शनर.

आणि बुधवार जाईल. तो जाऊन चालणार नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

हवा स्वच्छ. वारा ईशान्येचा, हलका. उड्डाणाला उत्तम, पण आम्ही चंदनसारला.

मोरेला घेतला. मोरे म्हणजे एकाहत्तरच्या लढाईतला माझा फ्लाइट इंजिनियर, साताऱ्याकडचा गडी. आता मुलीकडे, सुनंदाकडे राहतो, चंदनसारला तिसऱ्या मजल्यावर. उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून रिक्षात बसता येत नाही. सुनंदा नोकरीवरून रात्री येते. म्हणजे आठवड्यातून एकदा मी नेलं तरच माणूस घराबाहेर पडतो. बुधवारच का, तर सोमवारी आणि गुरुवारी त्याचा उपास, मंगळवार त्याचा गणपतीचा, शुक्रवारी आमचं मटण बंद, शनिवार त्याचा मारुतीचा, रविवार आमचा देवाचा. दोन्ही धर्मांनी मिळून बुधवार मोकळा सोडलाय, त्याबद्दल दोन्हीकडच्यांचे आभार.

फ्लायओव्हरवरून पश्चिमेला, मग आगाशीवरून अर्नाळा. मोरे डाव्या सीटवर, सीट पार मागे, पाय लांब. प्रत्येक नाक्यावर त्याचा पुकारा, "डावीकडं मोकळं, साहेब." ही लढाईतली सवय. तेव्हा हा उघड्या दारात पालथा पडून खाली बघायचा आणि मला वर कॉकपिटमध्ये सांगायचा: डावीकडे मोकळं, शेपूट मोकळी, उतरा. मी उतरायचो. आता भाजीच्या टेम्पोला वाट देतो, एवढाच फरक.

किनाऱ्यावर खुर्च्या मांडल्या. मुंबईकडे उतरणारी विमानं बघून कुठलं ते ओळखायचं, हरेल त्याने बोंबील खिलवायचे. आज मी हरलो. म्हातारा लबाड आहे, आवाजावरून ओळखतो.

९ नोव्हेंबर, रविवार

फिलूने चर्चमधून, मिस्साहून येताना जाहीर केलं की ती नाताळच्या गायनमंडळात जाणार. प्रॅक्टिस आठवड्यातून चार दिवस, सकाळी दहा वाजता.

आमच्या नंदाखालमध्ये फिलूचा गळा सगळ्यांना माहीत आहे. ती प्रार्थनेला गायला लागली की पुढच्या बाकावरची माणसं मान न वळवता सुद्धा ओळखतात. फादरांनी तिला घेतली म्हणजे यंदा माणसं फारच कमी असणार, किंवा फादर नवीन आहेत म्हणून.

"गाणं या वयात?" एवढंच विचारलं. म्हणाली, "शिकायला वय लागत नाही, असं तुमच्याच स्कूलच्या बोर्डावर लिहिलं होतं."

लिहिलं होतं खरं. पेंटरने सुचवलं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नालासोपाऱ्याला बॅटरी बघायला गेलो. एक माणूस, चाळिशीचा, ऑफिसचे कपडे. गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर, चारी टायरना हलकी लाथ, वाकून खाली तेल गळतंय का ते बघितलं, मग दार उघडलं. मी लांबूनच ओळखलं. माझा.

शिकवायचो तेव्हा पहिले तीन दिवस पोरांना स्टिअरिंगला हात लावू द्यायचो नाही. नुसत्या चकरा. विमानाभोवती मारतात तशा. लोक हसायचे, पालक भांडायला यायचे. आम्ही पैसे चालवायला भरलेत, चालायला नाही. पण बघा, अजून मारतोय चक्कर. चेहरा आठवला नाही, नाव आठवलं नाही, तरी दिवस बरा गेला.

परत येताना कोणाच्या तरी केळीच्या क्रेटला आरसा लागला. डावा. क्रेट रस्त्यातच ठेवतात हे लोक.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अक्षर बघ आज कसं येतंय.

मोरेचा घसा बसलेला. काल त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून भांडला, आवाजच गेला. लिफ्ट चालू झाली, मोरे बंद. खुणेने बोलत होता. मला गंमत वाटत होती, म्हटलं चला, आज शांतता.

अर्नाळ्याच्या अलीकडचा नाका. मी नेहमीसारखा गिअर टाकून निघालो. मोरेने एकदम माझा दंड धरला, असा दाबला की अजून दुखतोय. ब्रेक मारला. डाव्या हाताला, अगदी बंपरशी, स्कूटर आडवी. कोळीण, मागे बोंबलाची पाटी. बाई स्वतःच घाबरून पडली, आमची गाडी लागली नाही. देवाची कृपा. पाटी मात्र गटारात.

उठून उभी राहिली आणि मग काय विचारता. "डोले कुठं ठेवलं रं म्हाताऱ्या? माझं सगलं बोंबील पान्यात गेलं." बरोबरच होतं तिचं. बोंबलाचे पैसे दिले, हात जोडले. ती मोरेकडे बघून म्हणाली, तुम्ही तरी सांगायचं. मोरेने गळ्याकडे बोट दाखवलं.

गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, कुठून आली ही, आकाशातून? तेव्हा मोरे बोलला. घोगरा, निम्मा श्वासच होता तो.

"साहेब, ती कवाची येत हुती. तुम्ही डावीकडं बघताच कुठं? चार महिनं झालं, मीच बघतोय."

तो पुकारा सवयीचा नव्हता तर. म्हणजे सुरुवातीला होता. मग त्याच्या लक्षात आलं की तो बोलल्याशिवाय मी निघत नाही, आणि बोलला की न बघता निघतो. लढाईत तेच तर शिकलो होतो दोघं, त्याच्या बाजूचं त्याने बघायचं, मी विश्वास ठेवायचा. मी ठेवला. त्यात डावीकडे बघणं कधी सुटलं ते मलाच कळलं नाही.

का नाही बोललास, म्हणून ओरडलो. त्याने खांदे उडवले. रस्त्याकडे बघत बसला. समुद्रावर गेलोच नाही. अगदी सावकाश, प्रत्येक नाक्यावर मान पार वळवून, त्याला घरी सोडला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फिलूला सांगितलं सगळं. मला वाटलं आकांत करील. भांडी विसळत होती, विसळत राहिली. म्हणाली, "ओरखडे सगळे डाव्याच बाजूला आहेत. माड, क्रेट, शेजारच्या डिमेलोंची भिंत. मी कधीपासून बघतेय."

म्हणजे हिला माहीत, मोरेला माहीत, माडाला माहीत. मी सोडून सगळ्यांना माहीत.

पोराचा मस्कतहून फोन. गाडी विकून टाका, पप्पा. फोन फिलूकडे दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉ. वैशालीकडे गेलो, विरारला. डोळ्यांची मोठी डॉक्टर झालीय आता. कॉलेजात असताना माझ्याकडेच शिकली. रिव्हर्स घेताना रडायची. मी म्हणायचो, रड, पण आरशात बघत रड.

एका भांड्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी ठेवायची, एक डोळा झाकायचा, ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजवा झाला. मग डावा. डाव्याच्या वेळी मशीन बिघडलं होतं, किती तरी वेळ ठिपकेच आले नाहीत. तसं तिला सांगितलं.

ती हसली नाही.

काचबिंदू. डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू जवळजवळ गेलेली, उजव्यालाही सुरुवात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. थेंब दिलेत, रोज दोनदा, जन्मभर. असलेली नजर टिकेल म्हणाली. गेलेली येणार नाही.

मी फॉर्म पुढे केला. तिने बघितला, बाजूला ठेवला. म्हणाली, "सर, तुम्ही माझ्या जागी असता तर सही केली असती?"

मी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. चांगली शिकवलीय पोरगी. इतकी चांगली शिकवायला नको होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. लिहून ठेवतो म्हणजे उद्या कमी वाटेल. मिस्साला गेलो, एक शब्द कानात शिरला नाही.

दुपारी वाडीत बसलो. केळीला पाणी सोडलं होतं. ओल्या मातीचा वास आला आणि ते शेत आठवलं. लढाईच्या शेवटच्या दिवसांत, नदीपलीकडे, जखमी जवान उचलायला उतरलो होतो. पहाटेचं धुकं. खाली चिखल, भोवती सुपारीची बाग, अगदी आपल्या नंदाखालसारखी. मी पंचविशीतला. दारातून मोरेचा आवाज, थंड, भाजी आणायला निघाल्यासारखा: "साहेब, डावीकडं सुपारी. थोडं उजवीकडं घ्या. अजून थोडं. बास. उतरा." चौघा जणांना उचललं. एक मांडीवर डोकं ठेवून पोरासारखा झोपून आला. चौघंही जगले, असं नंतर इस्पितळातून कळवलं होतं.

त्या दिवशी मी एकदाही डावीकडे बघितलं नव्हतं. बघायची गरजच नव्हती.

आता माझं काय ते असू दे. पण मोरे दर बुधवारी दुपारी जेवून, कपडे करून, सोफ्यावर वाट बघत बसतो. सुनंदा सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं वाळत घातलेलं धुणं दिसतं, बाकी काही नाही. त्याला काय सांगू?

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस नीट लिहायला पाहिजे.

मोरेला फोनवर सांगणं जमेना, म्हणून रिक्षाने निघालो, समोर बसून सांगायला. फिलू गाण्याच्या प्रॅक्टिसला. बोळिंजच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलेलं. पुढे एक ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, एल लावलेली, बैलगाडीच्या चालीने. रिक्षावाला शिव्या घालत होता. मी पण दोन घातल्या. कोण शिकवतंय याला, म्हटलं. जवळ गेल्यावर मागचा बोर्ड वाचला, तर माझंच जुनं स्कूल. आता शिव्या कोणाला घालणार?

रिक्षाने उजवीकडून ओव्हरटेक घेतला. डावीकडचं मला दिसत नाही, म्हणून मुद्दाम अख्खी मान वळवून बघितलं, हा कोण बहाद्दर ते. शेजारी विल्सन. आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट, जीभ दातांत, नाताळच्या गायनमंडळाची सभासद.

तिने मला बघितलं नाही. नजर रस्त्यावर. अगदी शिकवावं तशी.

रिक्षावाल्याला म्हटलं, घाई करू नको रे, मागे बाईमाणूस आहे. त्याने माझ्याकडे विचित्र बघितलं.

चंदनसारला पोचलो. मोरे सकाळपासूनच कपडे करून बसलेला. सांगायचं होतं ते राहिलंच, हे सांगितलं. मोरे इतका हसला की गुडघा धरून बसला. हसता हसता पुसले डोळे आम्ही दोघांनी.

रात्री जेवताना विचारलं, आज कुठलं गाणं घेतलं? म्हणाली, जुनंच. मी म्हटलं, तिसऱ्या गिअरमध्ये घेतलं असतंस तर बरं वाजलं असतं. घास हातातच राहिला तिचा. मग म्हणाली, लर्निंग लायसन ऑक्टोबरातच काढलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दिसतंय छान, डॉक्टरने लगेच सही दिली.

मला का नाही सांगितलंस?

"एकदा विचारलं होतं तुम्हाला, स्कूल नवीन होतं तेव्हा. म्हणालात, घरच्या माणसाला शिकवायचं नाही हा आमचा नियम आहे. म्हणून तुमच्या नियमाने गेले." वर म्हणाली, बरंच झालं, तुम्ही शिकवलं असतं तर माहेरी गेले असते. विल्सन ओरडत नाही.

नियम खरा आहे. हवाई दलातही कोणी आपल्या माणसाची परीक्षा घेत नाही. पण इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीचा, पहिला रविवार. फादरांनी बाहेर गाठून विचारलं, फिलोमिनाबाईंना गाण्यात घ्यायचं का, त्या कधी विचारायला आल्या नाहीत. मी म्हटलं, फादर, आहे ते बरं चाललंय.

विल्सन आला, मान खाली घालून. सर, बाईंनी शप्पथ घातली होती. त्याला चहा पाजला. परीक्षा ३० डिसेंबरला, मंगळवारी आहे म्हणाला. नापास झाली तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. माझं लायसन त्याच्या दुसऱ्या दिवशी संपणार. शिकाऊच्या शेजारी लायसनवाला लागतो, तोवर मी चालतो, कायद्याने. त्यानंतर फिलूच्या शेजारी बसायला घरात कोणी नाही, आणि मोरेला आणायलाही.

म्हणजे सगळं आता तिच्यावर. विचारलं विल्सनला, खरं सांग, जमेल का? म्हणाला, पुढे छान जाते, सर. मागे घेताना गडबडते.

३ डिसेंबर, बुधवार

फिलूच्या हाताखालचा पहिला बुधवार. मी डाव्या सीटवर, मोरे मागे, पाय सीटवर आडवा.

कॉकपिटमध्ये एक पद्धत होती. चालवायचा दांडा एकाने दुसऱ्याकडे द्यायचा तर तोंडाने बोलायचं: तुझ्याकडे. दुसऱ्याने म्हणायचं: माझ्याकडे. मग पहिल्याने हात काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही, जीव गेला तरी. दोघांचे हात दांड्यावर म्हणजे कोणाचेच नाहीत. आज मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी बंद पडली. मागून हॉर्न, शिव्या, एक जण उतरून बघायला आला. मी रुमाल तोंडात कोंबला. फिलूने हँडब्रेक ओढला, त्या माणसाला काच खाली करून शांतपणे म्हणाली, "बाळा, आईला आणलंयस का कधी गाडीतून?" तो परत गेला. मग हळूच क्लच उचलला, गाडी निघाली. मागे एक इंच गेली नाही.

हे मी कधी कोणाला शिकवलं नव्हतं. मला जमलंही नसतं.

मोरे मागून पुकारत होता, डावीकडं मोकळं, वहिनी. तीन नाके ऐकलं तिने. चौथ्याला म्हणाली, "भाऊजी, मला दोन्हीकडचं दिसतं. तुम्ही समुद्र येईल तेव्हा सांगा." मोरे गप्प झाला. मला वाटलं दुखावला. किनाऱ्यावर उतरल्यावर म्हणाला, साहेब, चार महिन्यांत पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं. केवढ्या बिल्डिंगा झाल्यात.

१० डिसेंबर, बुधवार

पोहोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ. सूर्य बुडायला दहा मिनिटं असताना पोहोचलो. मोरे दोन विमानं हरला, मी एक. फिलूने तिन्ही ओळखली. कशी विचारलं तर म्हणाली, शेपटावर नाव लिहिलेलं असतं. एवढी वर्षं आम्ही आवाज आणि पंख बघतोय.

मागे घेताना खुर्च्यांच्या दोन इंच जवळ आली. बोललो नाही. दाढेखाली काहीतरी तुटलं बहुतेक.

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी शाळेच्या मैदानात रिव्हर्स. केळीचे चार रिकामे क्रेट लावून गल्ली केली. पहिल्यांदा चारी क्रेट. मग तीन. मी मैदानाच्या कडेला झाडाखाली, विल्सन आत. नियम नियमच. वैतागून फिलू उतरली, म्हणाली मला नाही जमायचं, त्या मोरेंना काय सांगायचं ते सांगा.

मला चीड आली. क्रेटची, काचबिंदूची, सगळ्याची. म्हटलं, मोरेला सांगायला तुझी तू जा, मी एकदा गेलो होतो आणि मला जमलं नाही. रागानेच बोललो. ती परत गाडीत जाऊन बसली.

संध्याकाळपर्यंत एक क्रेट. तो पण कोपऱ्यातला.

१७ डिसेंबर, बुधवार

भरती. लाटा पार खुर्च्यांशी. फिलू कोणाशी तरी बोंबलाचा भाव करत होती, बघतो तर स्कूटरवाली तीच. मी टोपी पुढे ओढली. तिने ओळखलंच. "आता बाई चालवतं का? बरं झालं, दादा." आणि दोन बोंबील जास्तीचे टाकले.

आज विमानं गेली तरी मोरे नाव सांगेना. मग समुद्राकडे बघतच म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? बाकी सहा दिवस मी औषधं घेतो ते ह्या एका दिवसासाठी." एवढंच.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, वहिनीला चढ जमतो, उतार जमतो, एक क्रेट राहिलाय. म्हणाला, क्रेटला सांगा, सरक म्हणावं.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. रात्रीच्या मिस्साला गायनमंडळ फार छान गायलं. फिलू माझ्या शेजारीच बसली होती आणि मोठ्याने साथ देत होती. पुढच्या बाकावरच्यांनी मान न वळवता ओळखलं, नेहमीप्रमाणे.

मोरेने उपास असून सुनंदाच्या हातून करंज्या पाठवल्या. आमचा केक अंड्याचा, तो त्याला उद्या.

थेंब टाकले. दोनदा.

३० डिसेंबर, मंगळवार

सकाळी ऊन छान. वारा नाही. फिलूने गाडीभोवती चक्कर मारली, चारी टायरना लाथ, वाकून बघितलं. मी सांगितलं नव्हतं. साडी सावरत लाथ मारणारी ती पहिलीच.

परीक्षेच्या मैदानात मला आत सोडलं नाही. फाटकाबाहेर उभा. आत परीक्षा घेणारा साहेब तिच्या शेजारी बसलेला दिसला, मग गाडी वळणामागे गेली. लग्नानंतर आम्ही तळावर राहायचो तेव्हा पूर आला की मी माणसं उचलायला जायचो आणि फिलू अशीच फाटकाशी येऊन उभी राहायची. किती हेलिकॉप्टरं गेली, किती आली, बोटांवर मोजायची. मी उतरल्यावर हसायचो तिला. म्हणायचो, काय वेडी आहेस, त्यात काय घाबरायचंय. आज कळलं. बेक्कार असतं ते. हातातला चहा गार होतो, आणि आतून एकही आवाज येत नाही.

अर्ध्या तासाने गाडी बाहेर आली. चालवत तीच होती. तोंडावरून काही कळेना, पत्ते खेळताना करते तसं तोंड. काय झालं? म्हणाली, मागे घेतली. लागली का कुठे? "मला वाटतं नाही. साहेब काही बोलला नाही, कागदावर काहीतरी लिहिलं." निकाल मोबाईलवर येणार.

मी चावीसाठी हात पुढे केला, सवयीने. तिने दिली नाही. म्हणाली, बसा.

आता संध्याकाळ. मोबाईल जेवणाच्या टेबलावर मधोमध, दोघं दोन बाजूंना. दोनदा वाजला, दोन्ही वेळा गॅसवाला. फिलूने भात लावला, मीठ दोनदा घातलं. मी खाल्ला सगळा.

मघाशी मोरेचा फोन आला. निकालाचं विचारलं नाही त्याने, शहाणा आहे. त्याने तेच विचारलं जे लढाईपासून मला एकट्याला विचारत आलाय. "साहेब, उद्या किती वाजता निघायचं?"

मी म्हटलं, "थांब, हिला विचारून सांगतो."